मोलेच्या रानांतील धाकटा दार्वाघाट

अमरकोशांत पक्ष्यांच्या नांवांमध्यें ‘दार्वाघाट’ हा शब्द येतो; ‘शतपत्रक’ हें त्याचेंच दुसरें नांव. दारु म्हणजे लांकूड, त्यावर आघात करणारा तो दार्वाघाट. ‘हन्’ धातूपासून हें रूप साधतांना शेवटीं ‘ट’ कोठून आला, हें सांगण्यासाठीं वार्तिककारांस स्वतंत्र वार्तिक रचावें लागलें. वाजसनेयी संहितेंत अश्वमेधप्रकरणीं निरनिराळ्या देवतांस पशुपक्षी वांटून दिले आहेत, त्यांत हा पक्षी वनस्पतींच्या वांट्यास गेला आहे. आपण मराठींत त्यास सरळ सुतार म्हणतों. त्याच्या अनेक जातींपैकीं एका अगदीं लहान जातीविषयीं आणि ती जेथें पाहावयास मिळते त्या प्रदेशाविषयीं आज लिहावयाचें आहे.

बेळगांवाहून गोव्याकडे रेल्वेनें निघालें म्हणजे लोंढा, तिनईघाट आणि कॅसलरॉक हीं स्थानकें मागें टाकून गाडी एकाएकीं सह्याद्रीच्या कुशींत शिरते. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, मधून मधून बोगदे, आणि मग दूधसागराचा तो शुभ्र प्रपात. हा लोहमार्ग पोर्तुगीज अमदानींत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. घाट उतरून गाडी कुळें स्थानकांत येते. तेथून मोले जवळच. सभोंवार भगवान महावीर अभयारण्य पसरलेलें आहे. त्याचा विस्तार सुमारें 240 चौरस किलोमीटर असून त्यांतील 107 चौरस किलोमीटर भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. माट्टी, किंदळ, नाणा, जांबा अशीं झाडें येथें दाटून उभीं आहेत. माट्टी म्हणजे आपला देशावरील ऐनच. याच रानाच्या कडेला तांबडी सुर्ल येथें महादेवाचें काळ्या पाषाणाचें प्राचीन मंदिर आहे. प्रवासी तें पाहून परततात. मंदिरामागच्या झाडांकडे मान वर करून पाहणारे थोडे.

जानेवारी 2023 मध्यें मी या भागांत तीन आठवडे राहिलों. माझ्या धाकट्या मेहुणीचें घर तेथें एका कुळागरांत आहे. सुपारीचीं झाडें, त्यांवर चढविलेल्या मिरवेली, पाटाचें पाणी, आणि कुंपणापलीकडे लगेच रान! अशा ठिकाणीं पक्ष्यांच्या शोधांत हिंडावें लागत नाहीं. खुर्ची टाकून स्वस्थ बसलें म्हणजे पुरे. गोठ्यामागें एक पांगारा वाळून उभा होता. त्याच्या एका फांदीवर तिसऱ्या दिवशीं सकाळीं हा पक्षी मला दिसला.

सुतार म्हटला म्हणजे डोक्यावर तांबडा तुरा, लांब शेपटी आणि ठक् ठक् असा घोष, अशी आपली कल्पना असते. या धाकट्याच्या अंगावर तांबडा रंग औषधालाहि नाहीं. लांबी सुमारें 16 सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहून थोडी अधिक. रंग काळा व पिवळसर पांढरा. खांद्यामागच्या फिकट पिसांवर काळे ठिपके असतात आणि त्यांचा आकार हुबेहूब पिंपळपानासारखा असतो. इंग्रजांनीं त्या आकारांत हृदय पाहिलें आणि तेंच त्याच्या नांवांत घातलें. नराचें कपाळ काळें, त्यावर पांढरे बारीक शिंतोडे. मादीचें कपाळ पांढुरकें. डोकें मोठें, त्यावर मागें वळलेली शेंडी, मान बारीक, आणि शेपूट जणूं कोणीं कात्रीनें छाटून टाकलें आहे! आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो फांदीला चिकटलेला दिसला म्हणजे पक्षी अर्धाच राहिला कीं काय, असें वाटतें. शास्त्रज्ञांनाहि तसेंच वाटलें असावें, कारण त्याच्या लॅटिन कुलनामाचा अर्थ ‘अर्धपुच्छ’ असाच आहे. जातिनाम ‘कनेंते’ हें लेसन या फ्रेंच पंडितानें दिलें. रोमन पुराणांत पिकस नांवाचा राजा एका मायाविनीच्या शापानें सुतार पक्षी झाला आणि त्याची पत्नी कनेन्स विलाप करीत करीत झिजून हवेंत विरून गेली, अशी कथा आहे. आपल्या पुराणांत सहज शोभावी अशीच ती आहे.

शेपूट आंखूड असण्याचें कारण त्याच्या राहणींत सांपडतें. मोठे सुतार ताठ शेपटीचा टेकू देऊन सरळसोट खोडावर चढतात. हा मात्र झाडाच्या शेंड्याकडील बारीक डहाळ्यांवर उपजीविका करतो, कधीं उलटा लटकतो, कधीं आडवा सरकतो. तेथें लांब शेपटीची अडचणच व्हावयाची. मुंग्या, वाळवी आणि किड्यांच्या अळ्या हें त्याचें अन्न. तो बहुधा जोडीनें असतो आणि इतर लहान पक्ष्यांच्या टोळींतहि मिसळतो. मोठ्या सुतारांसारखें लांकूड बडविणें त्याला फारसें आवडत नाहीं. चिरका ‘ट्वी-ट्वी’ असा आवाज ऐकूनच त्याचा पत्ता लागतो. पाठीवरील पिसांच्या झुपक्यांत एक तेलकट, चिकट द्रव्य असतें व त्यास सुवास येतो, असें ग्रंथांत वाचलें. मला अर्थात् हुंगून पाहण्याचा योग आला नाहीं.

इतके आघात करून या पक्ष्यांचें डोकें कसें दुखत नाहीं, हा प्रश्न शाळेंत मुलें हटकून विचारीत. कवटींत गादीसारखी योजना असावी, असें पुष्कळ वर्षें मानलें जात होतें. परंतु 2022 मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, कवटी धक्का शोषून घेत नाहीं. ती हातोड्यासारखी घट्टच असते, आणि मेंदू मुळांत इतका लहान असतो कीं, त्या धक्क्यानें त्यास इजा पोंचत नाहीं. मोठेपणाला असेंहि एक भय असतें!

पांगाऱ्याची ती फांदी या जोडप्यानें पोंखरून ढोली केली होती. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, हे पक्षी घरटें करतात. आंत दोन किंवा तीन पांढरीं अंडीं. ढोलीसाठीं त्यांना मेलेलें, नरमलेलें लांकूड लागतें. हिरव्यागार, कणखर झाडाचा त्यांना काय उपयोग? आमच्या ढोलींत पिलें होतीं. नर व मादी आळीपाळीनें चारा आणीत.

परंतु साडूंनीं तो पांगारा तोडावयाचा ठरविला होता. झाड गोठ्यावर झुकलें होतें आणि आंत दोन गाभण गाई होत्या. गडी कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हां मीं त्यांना पिलांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “मास्तर, फांदी कोसळली तर गाय जाईल. तें पाखरूं मला भरपाई देणार आहे काय?” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. मेहुणी दारांत उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “भावोजी, गाई आठ-पंधरा दिवस पुढच्या पडवींत बांधूं. त्यापुढें मात्र मी कांहीं बोलणार नाहीं.” गाई पडवींत आल्या. शेणाचा वास आणि माशा यांमुळें घरांतील सर्वांना त्रास झाला. त्यावरून एक-दोन दिवस घरांत अबोलाहि होता. बाराव्या दिवशीं सकाळीं पहिलें पिलूं बाहेर आलें, दुसरें दुपारीं. चवदाव्या दिवशीं ढोलीशीं कोणी फिरकलें नाहीं, आणि पंधराव्या दिवशीं झाड पाडलें.

रानाच्या बाबतींत असा हिशेब मोठ्या प्रमाणावर चालतो. लोहमार्ग दुपदरी करणें, महामार्ग रुंद करणें आणि उच्च दाबाची वीजवाहिनी नेणें, अशा तीन योजनांसाठीं याच रानांतून वाट काढावयाची, म्हणून 2020 मध्यें गोव्यांत मोठें आंदोलन झालें. मे 2022 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें लोहमार्गाच्या दुपदरीकरणास वन्यजीव मंडळानें दिलेली मान्यता रद्द केली. वीज आणि वाहतूक नको, असें मी म्हणत नाहीं. मी त्याच रेल्वेनें गेलों आणि त्याच विजेच्या दिव्याखालीं हीं टिपणें लिहिलीं. परंतु तोडलेल्या झाडांच्या बदल्यांत दुसरीकडे रोपें लावूं, असें सांगतात, तेव्हां मला पांगाऱ्याची ती फांदी आठवते. रोप लावतां येतें. जुनें होऊन आंतून नरमलेलें लांकूड लावतां येत नाहीं. त्यास साठ-सत्तर वर्षें जावीं लागतात.

पांगारा पाडल्यावर ढोलीचा तुकडा मीं कापून घेतला. दार जेमतेम दोन बोटें शिरतील एवढें. आंत काडी नाहीं, कापूस नाहीं, नुसता लांकडाचा भुगा. साडूंनीं तो तुकडा स्वतःच कुंपणाच्या खांबाला तारेनें बांधला. पावसाळ्यानंतर फोनवर मीं विचारलें, तेव्हां त्यांत कोणी राहावयास आलें नव्हतें. मिरवेलींतल्या दुसऱ्या एका वाळक्या पांगाऱ्याकडे मात्र गड्याला अद्याप पाठविलेलें नाहीं, असें मेहुणीनें सांगितलें.