ढगांखालचे मावळ

लावणीच्या दिवसांत पवनेच्या खोऱ्यात पहाटे साडेपाचला हजर राहायचे, तर पुण्यातून चारलाच निघावे लागते. कामशेतला डावीकडे वळले की काचेवरचे पाणी वायपरला आवरत नाही. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर हे किल्ले आसपासच आहेत हे फक्त माहीत असते, दिसत एकही नाही. रडारचे बहुतेक उपग्रह सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. त्या कक्षेत त्यांच्या सौरपंखांवर जवळजवळ सतत ऊन असते. त्या घडीच्या आगेमागे मला खाचरातल्या पाण्याची खोली, रोपांची उंची आणि एकेका चुडाचे फुटवे मोजून वहीत उतरवायचे असतात.

“वरनं समदं दिसतंय म्हनता, मग हितं चिखलात कशाला मोजताय, ताई?” बांधावर इरले घेऊन उभ्या असलेल्या शेतकरी बाबांनी पहिल्या वर्षी विचारले होते. रडारच्या प्रतिमांवरून भातपिकाचे नकाशे करण्याच्या कामात मला आता बरीच वर्षे झाली, पण या प्रश्नाचे उत्तर मी अजून दर पावसाळ्यात नव्याने शोधते.

खरे तर जून ते सप्टेंबर मावळ वरून दिसतच नाही. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला लोणावळ्याच्या जागी पांढरा कापूस दिसतो. आणि नेमके याच चार महिन्यांत इथे सगळे घडते. लावणी होते, धरणे भरतात, दरडी कोसळतात. उघडिपीची वाट पाहत बसलो, तर हाती येते ते फक्त कापणीच्या वेळचे चित्र. भारताला ढगांतून आरपार जाणाऱ्या, रडारच्या सूक्ष्मलहरींकडे वळवले ते या ढगांनी, असे माझे मत आहे. १९७९ साली सोव्हिएत रॉकेटने भास्कर-१ अवकाशात गेला, तेव्हा कॅमेऱ्यांच्या सोबतीला त्यावर ‘समीर’ नावाचे सूक्ष्मलहरींचे उपकरण होते. २०११ मध्ये फ्रान्सच्या अवकाश संस्थेबरोबर मेघा-ट्रॉपिक्स सोडला, तोही उष्ण कटिबंधातले पाऊस-पाणी समजून घेण्यासाठी. २०१२ मध्ये रिसॅट-१ आला, त्यावर आपले स्वतःचे रडार होते. इस्रोने जगाच्या भूनिरीक्षणात काय घातले, असे कोणी विचारले की लोक रॉकेटचा खर्च सांगतात. मला वाटते, आपण मान्सूनचा प्रश्न घातला. तो प्रश्न युरोप-अमेरिकेच्या शेतांवर कोणाला इतका निकडीने पडला नसता.

रडारला भात दिसते कसे, हे खाचराच्या कडेला उभे राहूनच समजते. चिखलणी होऊन पाणी बांधले की खाचर म्हणजे आरसा. रडारची लहर तिरकी येते, पाण्यावर आपटून पुढे निघून जाते, उपग्रहाकडे परततच नाही. प्रतिमेत ते खाचर काळे उमटते. लावणीनंतर रोप उभे राहू लागले की लहर आधी पाण्यावर, मग खोडावर आपटून माघारी वळते आणि काळ्याचे करडे, करड्याचे उजळ होत जाते. ही चढती उजळण म्हणजे भाताची सही. माळावरच्या गवताला किंवा डोंगरउतारावरच्या नाचणीला ती जमत नाही, कारण त्यांच्या पायाशी पाणी नसते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तयार केलेला इंद्रायणी पोटरीला येईपर्यंत ही चढण किती आणि कधी झाली, हे आकड्यात बसवायचे तर कोणीतरी त्या दिवशी, त्या खाचरात पाणी मोजलेले असावे लागते. बाबांना मी तेव्हा एवढेच सांगितले, की वरून काळे-पांढरे दिसते, त्याचा अर्थ इथे लागतो.

डोंगर मात्र रडारला फसवतात. रडार अंतर मोजते. कड्याचा माथा पायथ्यापेक्षा उपग्रहाला जवळ, म्हणून प्रतिमेत लोहगडाचा माथा उपग्रहाच्या बाजूने पायथ्यावर ओणवलेला दिसतो आणि पलीकडची बाजू सावलीत जाते. त्या सावलीत एखादी वाडी असली, तर ती नकाशात नाहीच. युरोपचा सेंटिनेल-१ आपल्या मार्गाच्या उजवीकडे पाहतो. नासा आणि इस्रोचा निसार डावीकडे पाहतो. सकाळच्या फेरीत एकाच्या सावलीतला उतार दुसऱ्याच्या उजेडात येतो. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा याहून चांगला दाखला माझ्याजवळ नाही.

निसारबद्दल जरा थांबून लिहायला हवे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. गाव जागेवर नसल्याचे पहिल्यांदा ध्यानात आले ते एसटीच्या चालकाच्या. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, टोरांटोत नासा आणि इस्रोने निसारच्या करारावर सह्या केल्या. आणि २०२५ च्या ३० जुलैला, माळीणच्या अकराव्या स्मृतिदिनी, संध्याकाळी पाच चाळीसला श्रीहरिकोट्याहून तो उडाला. हा योगायोगच आहे. पण त्या संध्याकाळी प्रक्षेपण पाहताना मला टाळी वाजवता आली नाही.

त्याच्यावर दोन रडारे आहेत. २४ सेंटिमीटर लहरीचे अमेरिकेने केले, सुमारे ९ सेंटिमीटरचे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने. आपले रडार कॅलिफोर्नियाला गेले, तिथे दोघांची जोडणी झाली, आणि २०२३ मध्ये ते विमानाने बंगळुरूला परत आले. १२ मीटर व्यासाची जाळीची अँटेना कक्षेत छत्रीसारखी उघडली. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर, त्याच कोनातून येणार. सह्याद्रीच्या झाडीला हे फार मोलाचे आहे. सेंटिनेलची साडेपाच सेंटिमीटरची लहर पानांतच अडकते. पावसाळ्यात पाने बदलतात, आधीची आणि नंतरची प्रतिमा जुळत नाही आणि जमीन सरकली की नाही ते कळत नाही. लांब लहर पानांतून खाली उतरते. खंडाळ्याच्या घाटातला एखादा उतार वर्षाला काही सेंटिमीटर सरकत असेल, तर ते समजण्याची शक्यता आता पहिल्यांदाच बरी आहे.

शक्यता, एवढेच म्हणते. माळीणचा डोंगर काही मिनिटांत आला. बारा दिवसांनी येणारा उपग्रह असा क्षण पकडू शकत नाही, आणि प्रत्येक दरड आधी सरकून दाखवतेच असेही नाही. डोंगराखालच्या वाड्यांना उपग्रहाच्या जिवावर धोक्याच्या घंटेचे वचन कोणीही देऊ नये. निसारची माहिती जगभर खुली राहणार आहे. मला तळमळ आहे ती ती माहिती वडगावच्या तहसील कचेरीत आणि कृषी सहायकाच्या हातात कळेल अशा रूपात पोहोचण्याची. १९८९ च्या जुलैत दरड पाहिलेल्या भाजे गावाला प्रतिमा नको, त्यांच्या वरच्या उताराचे नाव हवे.

बाबांच्या बांधावर आम्ही एक परावर्तक उभा केला आहे. ॲल्युमिनियमचे तीन त्रिकोणी पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले, तोंड आकाशाकडे. प्रतिमेत तो ताऱ्यासारखा चमकतो आणि त्याच्या आधाराने बाकीचे माप लागते. तळाच्या कोपऱ्यात पाणी निघायला बोटभर भोक आहे. पान अडकून ते बुजले की पाणी साचते आणि तारा मंदावतो. गेल्या श्रावणातल्या एका फेरीला दरीत पाणी भरल्यामुळे मला पोहोचायला उशीर झाला, सहा वाजून गेले. धावत बांधावर गेले, तर पत्रे कोरडे पुसलेले होते. बाबा इरल्याखाली उकिडवे बसून बाभळीच्या काटकीने भोक मोकळे करत होते.

“गेला का वरनं?” त्यांनी विचारले.




“गेला, बाबा.”

“मग दिसलं असंल.”