जपानची चित्रसृष्टि आणि आपलें नांव

हातानें रेखाटलेलीं माणसें पडद्यावर धांवूं-बोलूं लागलीं कीं तो पोरांचा खेळ, अशी आपल्याकडील थोरांची सर्वसाधारण समजूत आहे. जपानांत मात्र या पोरखेळानेंच उत्पन्नाचे मोठमोठे विक्रम केले आहेत. हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ २००१ सालीं निघाला. त्याचें जपानांतील उत्पन्न ३० अब्ज येनांवर गेलें व तो उच्चांक १९ वर्षें अबाधित राहिला. २०२० च्या ऑक्टोबरांत आलेल्या ‘डीमन स्लेअर : मुगेन ट्रेन’नें तो त्याच डिसेंबरांत मोडला आणि पुढें ४० अब्जांचा आंकडाही ओलांडला.

कोणी म्हणतील, तें साथीचें वर्ष. परदेशी चित्रपट येत नव्हते, म्हणून हें फावलें. कारण खरें, परंतु अपुरें. ही कथा २०१६ पासून साप्ताहिकांत क्रमशः येत होती. २०१९ सालीं ती दूरचित्रवाणीवर आली आणि तेथें जेथें थांबली, तेथूनच चित्रपटानें पुढें उचलली. आपला कीर्तनकार पूर्वरंग रंगल्यावांचून आख्यानास हात घालीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें कारण आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. ‘स्पिरिटेड अवे’ मियाझाकींनीं एका मित्राच्या दहा वर्षांच्या मुलीला डोळ्यांपुढें ठेवून रचला. त्यांतील चिहिरोचे आईबाप अधाशीपणानें खाऊन डुकरें बनतात, आणि देवतांच्या स्नानगृहांत राबून ती त्यांना सोडविते. तेथील मालकीण प्रथम तिचें नांवच हिरावून घेते. कारण जो आपलें नांव विसरला, तो घरची वाट विसरला. स्नानगृह जपानी, देवता जपानी; परक्यांस रुचावें म्हणून कांहीं पातळ केलेलें नाहीं. तरी २००२ सालीं बर्लिनच्या महोत्सवानें व २००३ सालीं ऑस्करनें त्याचा गौरव केला. मुलांसाठीं म्हणून हलकें चालेल, ही वृत्ति तेथें नाहीं. विष्णुशर्म्याच्या गोष्टीही राजपुत्रांसाठींच होत्या. त्या थोरांनीं आजवर टाकल्या आहेत काय?

आमच्या घरीं हा विषय केवळ चर्चेचा राहिला नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत ‘इन्फिनिटी कॅसल’ हिंदींतूनही येथें लागला, तेव्हां नातवंडांनीं हट्ट धरला. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, इतकी कापाकापी मुलांनीं कां पाहावी?” आक्षेप रास्त होता, गर्दी लोटली म्हणजे पदार्थ सर्वांस पथ्यकर ठरत नाहीं. आम्हीं थोरल्या नातवास जाऊं दिलें व दहा वर्षांच्या नातीस थांबविलें. ती दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं. पुढल्या रविवारीं सर्वांनीं मिळून घरींच चिहिरोची कथा पाहिली. संपल्यावर नातीनें विचारलें, “आजोबा, आपल्या गोष्टी अशा कां नाहींत?”

उत्तर सोपें नाहीं. युगो साको या जपानी गृहस्थांना आपल्या रामायणानें वेड लावलें, आणि आपल्या राम मोहन यांच्या सहकार्यानें त्यांनीं त्याचा चित्रपट सिद्ध केला. १९९२ सालची ती कृति २०२५ च्या जानेवारींत आपल्या चित्रगृहांत पुन्हां आली. गोष्ट आपली, ती चित्र-चित्र रेखाटून काढण्याची तळमळ मात्र दूरदेशींच्या माणसास लागली. त्याच वर्षीं जुलैंत आपल्याकडेच तयार झालेल्या ‘महावतार नरसिंह’स प्रेक्षकांनीं उदंड आश्रय दिला. तेव्हां कथांची वाण नाहीं आणि पाहणारांचीही नाहीं. वाण आहे ती वर्षानुवर्षें एका कामास चिकटून राहण्याची, आणि मुलांच्या बुद्धीस मान देण्याची.

चित्रपट काढणें आम्हां वृद्धांच्या हातीं नाहीं. परंतु कथा सांगणें आहे. रात्रीं नातवंडें जवळ घेऊन ती पुरी, न कंटाळतां, त्यांच्या प्रश्नांस उत्तरें देत सांगितली, तर उद्यां त्यांतील एखादें हातांत कुंचला घेईल. आणि तेव्हां त्यास आपलें नांव आठवत असेल.