हिंगणीचे डफडे

वर्ध्याहून नागपूरच्या सडकेने निघालेला प्रवासी सेलूपाशी वळून बोरधरणाची वाट धरतो, तेव्हा हिंगणी त्याला वाटेत लागते. वाटेत लागते, एवढेच. २०१४ साली बोरच्या जंगलाला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तर इकडे येणारी शहरी मंडळी वाघाच्या आशेवर चहा पितात आणि पुढे सुटतात. मी मात्र हिंगणीलाच उतरलो, आणि तेही पोळ्यासाठी. आमच्या महाविद्यालयातले एक सहकारी या बाजूचे. ‘आमच्याकडचा पोळा पाहिल्याशिवाय तुम्हा पुण्याकडच्या लोकांना बैल कळायचा नाही,’ असे ते मला चार वर्षे ऐकवीत होते.

बैल मला कितपत कळला ते त्यांनाच ठाऊक. पण त्या दुपारी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली, रंगवलेल्या शिंगांच्या आणि नव्या झुलींच्या त्या गर्दीत, माझे लक्ष गेले ते एका आवाजाकडे. झडत्या म्हणणाऱ्यांचा गलका एकीकडे, आणि त्याला तोलून धरणारे डफडे दुसरीकडे. वाजवणारे तिघे तोरणापासून जरा अंतर राखून उभे होते. पावसाळी हवेने कातडे सैल पडले की त्यांतला एकजण मागे जाई, काडीकचरा पेटवून त्यावर डफडे शेकी आणि परत येई. शेकलेल्या कातड्याचा तो खणखणीत बोल, वाचकहो, ध्वनिक्षेपकातून ऐकण्याचा नव्हेच. तो आधी छातीत उमटतो, मग कानात.

तिघांत वडील होते ते सत्तरी ओलांडलेले. एका हातात बारीक कामटी, दुसऱ्यात जाड काडी. कामटी सारखी कुरकुरत असे आणि काडी मधूनच, मोजकी, जिथे पडायला हवी तिथेच पडे. बैल सोडायची चाल वेगळी, नवरदेवाची वेगळी, देवीची वेगळी आणि मयताची वेगळी. सगळे तोंडपाठ, किंबहुना हातपाठ. छंदःशास्त्र शिकवताना मी वर्गात टेबलावर जे बडवतो, ते आठवून मला हसू आले.

दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. लाकडी बैल ओढत निघालेल्या त्या चिमण्या मिरवणुकीपुढे ‘बेंजो’ आला. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात तो मुळी बेंजो नव्हेच. ते बुलबुल तरंग. १९१२ साली जपानातल्या नागोया शहरी तयार झालेल्या एका वाद्याचे वंशज. नाव मात्र अमेरिकेतल्या गुलामांच्या वाद्याचे. तो खरा बेंजो आफ्रिकेतून पकडून नेलेल्या लोकांच्या आठवणीतून जन्मला. भोपळ्यावर कातडे ताणायचे आणि त्यावर तारा चढवायच्या. म्हणजे आपल्या डफड्याचा दूरचा भाऊच म्हणायचा!

त्या लोकांची आणि वर्ध्याची ओळखही जुनी. १९३६ च्या फेब्रुवारीत हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक सपत्नीक बारडोलीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांच्यापाशी मागितले ते त्यांच्या लोकांचे एक भजन, आणि पाहुण्यांनी ते गाऊन दाखवले. त्याच वर्षाच्या अखेरीस बेंजामिन मेज हे दुसरे कृष्णवर्णीय विद्वान खुद्द वर्ध्याला येऊन गेले.

पण बेंजोची गोष्ट भजनासारखी सरळ नाही. १८४० नंतरच्या दशकांत तिकडचे गोरे नट तोंडाला काळे फासून, हाती बेंजो घेऊन, गुलामांची नक्कल करीत आणि प्रेक्षक पोट धरून हसत. हळूहळू कृष्णवर्णीयांनीच ते वाद्य खाली ठेवले. ज्याने आपली टिंगल झाली ते कोण छातीशी धरील? पुढे बेंजो म्हणजे गोऱ्या डोंगराळ लोकांचेच वाद्य, असा समज झाला. २००५ साली तिघा कृष्णवर्णीय तरुणांनी नॉर्थ कॅरोलिनात जो थॉम्प्सन नावाच्या म्हाताऱ्या फिडलवादकाला गाठले आणि त्याच्याजवळ बसून जुन्या चाली शिकून घेतल्या. म्हातारा २०१२ साली गेला, चाली राहिल्या. त्या तिघांच्या मंडळीला २०११ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

हे सारे मी त्या वडील वाजंत्र्यांना सांगितले. त्यांच्या अंगणात बाजेवर बसलो होतो. ते ऐकून घेऊन म्हणाले, “त्याहीनं खाली ठेवलं, ते बरोबरच केलं जी.”

मी गप्प. त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरास दीक्षा घेतल्यावर कितीतरी गावांतल्या बौद्धांनी गावकीची कामे सोडली. मेलेली ढोरे ओढणे सोडले तसे दुसऱ्यांच्या दारी वाजवणेही सोडले. हे स्वतः मातंग. त्यांच्या घरी डफडे राहिले. “वाजवाले बलावे,” ते म्हणाले, “पण जेवाची पंगत उठल्यावर. पैसा हातात नाही देत, वरून टाकत.”

“मुलाला शिकवलंत?”

“नाही. तो नागपुरात बिजलीचं काम करते. म्या काडी त्याच्या हाती देल्लीच नाही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती; एक काम नीट पार पाडल्याचे समाधान होते.

लोककलेच्या जतनावर आपण परिसंवाद भरवतो, त्यात कला मरते आहे म्हणून गहिवरतो. ती वाजवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर कोणी उभे केले, हा प्रश्न बहुधा वेळेअभावी राहून जातो. मला विचाराल तर त्यांच्या मुलाने डफडे हाती धरू नये. धरायचेच तर माझ्या मुलीने धरावे, त्यांच्यापुढे बसून, गुरुदक्षिणा हातात देऊन. तंबोऱ्यासाठी आपण हे करतोच की.

मी भ्रमणध्वनीवर त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित केल्या. मयताची वाजवताना त्यांनी घरातल्या बाईला आत जायला सांगितले. घरात कोणी गेलेले नसताना ती वाजवणे बरे नव्हे. मग मी वही काढली आणि नाव विचारले. त्यांनी स्वतःचे, बापाचे आणि आज्याचे नाव सावकाश सांगितले, शुद्धलेखन बरोबर आहे ना म्हणून मला वाचून दाखवायला लावले. आज्याने ही चाल बांधली, असेही लिहून घ्यायला सांगितले.

“हे कालेजात ठेवा,” ते म्हणाले. “पण पुस्तकात छापू नका जी. नातीच्या सोयरिकीचं बोलणं चालू आहे.”

वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवली आहे. पानाच्या माथ्यावर तिन्ही नावे आहेत.