बेंचवरचे आणि हजेरीवरचे

मागच्या वीकांताला नाशिकला आत्याकडे गेलो होतो. पुरणपोळ्या हाणून आडवा व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात दादाने (म्हणजे माझ्या आतेभावाने) मोबाईल पुढे केला. "तू कॉम्प्युटरवाला ना, एवढा फॉर्म भरून दे."

फॉर्म होता सोलर पॅनेल बसवायला शिकवणाऱ्या कोर्सचा!

दादा एकलहऱ्याच्या थर्मलला, एका ठेकेदाराकडे फिटर. सोळा वर्षं झाली. कोळसा नेणाऱ्या पट्ट्यावर काम. पट्टा चालू असताना नुसत्या आवाजावरून कुठला रोलर जाम होतोय ते सांगतो. आम्ही लॉग चाळत बसतो, हा कान लावतो.. :)

तिथले 210 मेगावॅटचे संच 1980च्या आसपासचे. ते कायमचे चालणार नाहीत हे चहाच्या टपरीवरही सगळ्यांना ठाऊक. 2021 साली ग्लासगोला भारताने 2030पर्यंत जीवाश्म इंधनाशिवायच्या 500 गिगावॅट क्षमतेचं उद्दिष्ट जाहीर केलं, तेव्हापासून तर जास्तच.

मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, दादा, वीज ती वीज असं नसतं. आपल्या घरातली एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनेलची डीसी तशी शून्यावर येतच नाही, ठिणगी पडली की चिवटपणे जळत राहते. शिवाय ऊन आहे तोवर पॅनेल बंदही करता येत नाही. तुमचं ते 'आधी सप्लाय काढ, मग हात लाव' इथे अर्धंच चालतं.

"मग ताडपत्री टाकायची ना वरून," दादा म्हणाला.

घ्या! शिकायला किती वेळ लागणार होता या माणसाला?

गाडी अडली ती वेगळ्याच रकान्यावर. कालावधी: तीन महिने, पूर्ण वेळ. केंद्र सरकारने 2015 साली सूर्यमित्र नावाचा कोर्स काढला तोही असाच, 600 तासांचा, राहणं-जेवण फुकट. दादा गप्प झाला. मग म्हणाला, "तीन महिने खाडा केला तर ठेकेदार दुसरा माणूस लावेल. कोर्स फुकट आहे रे, पण घरचा किराणा?"

मला माझं 2017 आठवलं. प्रोजेक्ट संपलं, दोन महिने बेंचवर होतो. कंपनीने पूर्ण पगार देऊन क्लाऊडचा कोर्स करवला, आणि मी काय केलं तर ट्रेनिंग रूमचा एसी फार गार आहे म्हणून कुरकुर! कायम नोकरीतल्यांची निदान दुसऱ्या केंद्रात बदली होऊ शकते. दादाची हजेरी रोजची. 'स्किल गॅप'वर भाषणं ऐकताना मला नेहमी वाटायचं की गॅप माणसाच्या डोक्यात असते. इथे ती सरळ सरळ तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. बरं, सोलर प्रकल्प उभारताना माणसं लागतात, पण उभा राहिला की मोजकीच पुरतात. म्हणजे हजेरी सोडून शिकलं तरी पुढचं काही पक्कं नाही.

असो. फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. शनिवार-रविवारची बॅच नाशिकच्या आसपास कुठे असते का, ते शोधतोय. कोणाला ठाऊक असेल तर सांगा, मंडळी.