ओठ न मिटता रामायण

इंदापूर-बारामती हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. वारकरी बारामतीहून इंदापूरकडे येतात, मी उलटा निघालो होतो. आषाढ तर लांबच, ऐन गळीत हंगाम चालू होता. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे ज्या लढाईत पडले ती इंदापूरचीच, त्यामुळे त्यांच्या गढीकडे एक चक्कर टाकली, स्टँडवर चहा मारला आणि बारामतीची एसटी धरली.

पिशवीत सर्व्हांतेसचा ‘डॉन क्विक्झोट’ होता. निमगाव केतकीपर्यंत दहा पानंही सरली नाहीत. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे आमची गाडी, आणि कंडक्टर दारातून मान बाहेर काढून त्या ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतोय. खिडकीतून हात घातला असता तर कांडं हाती आलं असतं. कडेच्या फडावर तोडकऱ्यांची टोळी होती. बायका मोळ्या बांधत होत्या, एक पोर वाढ्यांच्या ढिगावर झोपलं होतं.

नेमका त्याच सुमाराला पुस्तकातला खानावळवाला बोलायला लागला. सुगीला कापणीवाले माझ्याकडे उतरतात, म्हणतो, त्यांच्यात एखादा वाचता येणारा निघतोच. तो पुस्तक उघडतो आणि तीसहून जास्त माणसं त्याच्याभोवती कोंडाळं करून ऐकत बसतात. पुस्तक १६०५ सालचं. वाचता न येणाऱ्यांनीही कादंबऱ्यांची चैन कशी केली, ते या एवढ्याशा प्रसंगात कळतं. भवानीनगर येईस्तोवर मी तेच पान धरून होतो.

कारण मी चाललो होतो तोही असाच, कानांवर जगलेला लेखक पाहायला. मोरोपंत पराडकर. जन्म १७२९, पन्हाळ्याचा. शिक्षण तिथंच, केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे. मग वडिलांच्या मागोमाग बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले. हे नाईक म्हणजे साधं प्रस्थ नव्हे. सावकार, पेशव्यांचे सोयरे, आणि पहिला बाजीराव गेल्यावर १७४० मध्ये खुद्द पेशवेपदासाठी खटपट केलेले. पेशवाई मिळाली नाही, पण पदरी मोरोपंत आले. मराठीच्या दृष्टीनं सौदा वाईट झाला नाही.

सर्व्हांतेसच्या नशिबी असा नाईक नव्हता. लेपांतोच्या लढाईत डावा हात निकामी झाला, अल्जिअर्सला पाच वर्षं कैदेत गेली, पुढे वसुलीच्या नोकरीत हिशेब जुळेना म्हणून १५९७ मध्ये सेव्हिलच्या तुरुंगात बसला. पंतांचं आयुष्य त्यापुढे अगदीच सपाट. पुराण सांगायचं, आर्या रचायच्या. मला तर वाटतं, आयुष्यात साहस नाही म्हणूनच त्यांनी सगळी साहसं भाषेत केली.

कऱ्हेकाठी नाईकांचा वाडा आहे. बुरूज, तटबंदी बघून वाडा कसला, किल्लाच वाटतो. जवळच्या सिद्धेश्वराच्या देवळात एक आजोबा खांबाला टेकून बसले होते. “कुठनं आलात?” मी मोरोपंतांचं नाव काढलं आणि आजोबा सावरून बसले. तरुणपणी कीर्तनात मागे टाळ धरायचे. आर्या त्यांना पुस्तकातून आलीच नव्हती, बुवांच्या तोंडून आली होती. पंतांचं आर्याभारत म्हणजे बुवांची शिदोरी, म्हणाले. निरूपण रेंगाळलं की एक आर्या खणखणीत टाकायची, मंडळी जागी होतात.

शाळेनं आम्हाला पंत दिले ते वृत्त ओळखा आणि अलंकार सांगा एवढ्यापुरते. त्यापेक्षा या टाळकऱ्याला ते जास्त मिळाले.

“पंतांनी एकशेआठ रामायणं केली,” आजोबा म्हणाले. “मंत्ररामायण, परंतुरामायण... पण निरोष्ठ रामायण ठाऊक आहे? सबंध रामायणात कुठंही ओठाला ओठ लागायचा नाही. प, फ, ब, भ, म सगळे हद्दपार.”

“मग राम?”

“तेच तर! रामायण रामाचं, आणि रामाचं नाव घ्यायची सोय नाही. सीताकांत म्हणा, दाशरथी म्हणा. बारामती म्हणता येत नाही, मोरोपंत म्हणता येत नाही. तुम्ही बोला बघू एक वाक्य.”

मी पहिल्या दोन शब्दांतच अडखळलो. त्यांनी हसत फिरत्या चहावाल्या पोराला हाक मारली, ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “चहा घ्या. हे बघा, झालं निरोष्ठ!”

पंडिती कवितेला कसरत म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पण कसरत अशी हसत, खेळत अंगावर आली की नाक मुरडणं जमत नाही. शिवाय याच माणसानं उतारवयात पृथ्वी वृत्तात केकावली लिहिली. तिथं खेळ संपतो, तिथं मोरोपंतांमधला मोर देवाकडे तोंड करून नुसता टाहो फोडतो. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला पंत बारामतीतच गेले. माद्रिदमध्ये सर्व्हांतेसच्या हाडांचा शोध मात्र २०१५ पर्यंत चालला होता, एका मठाच्या तळघरात.

निघताना आजोबांना विचारलं, पालखीच्या मुक्कामाला येऊ का, तेव्हा पंतांच्या आर्या ऐकायला मिळतील?

“या की,” ते म्हणाले, “पण त्या रात्री पंतांना सुट्टी असते. सगळा तुकोबाच!”