पायाखालचा अर्धा इंच

दिवाळी सरली की छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजांची पोरं वाळूजला माझ्या शेडवर येऊ लागतात. त्यांना 'बाहा'ची गाडी बांधायची असते. 2007 साली पिथमपूरला सुरू झालेल्या या स्पर्धेत पाइपांची चौकट स्वतः जोडून खडकाळ रानात पळणारी एका माणसाची गाडी उभी करायची. शर्यतीआधी ब्रेकची परीक्षा असते. पेडल दाबलं की चारही चाकं जाम व्हायला हवीत, नाहीतर गाडी शर्यतीत उतरत नाही. ब्रेकच्या लाइनीही दोन, स्वतंत्र; एक फुटली तरी दुसरीने गाडी थांबावी.

बहुतेक जण मारुती 800 चा मास्टर सिलेंडर आणतात. तो स्वस्त मिळतो आणि एकाच नळीत पुढेमागे दोन पिस्टन असल्याने दोन लाइनींची सोय आपोआप होते. आतला व्यास पाऊण इंच, 19.05 मिलिमीटर. मागच्या खेपेच्या पोरांना पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण हाताने कमीजास्त करायचं होतं. म्हणून त्यांनी पाऊण इंचीच दोन वेगळे सिलेंडर आणले आणि पेडलला आडव्या दांडीने जोडले.

"काका, एकाऐवजी दोन. ताकद दुप्पट!"

मैदानात पेडल दगड झालं. पोरगा जोर लावून सीटवरून अर्धा उठला, तरी चाकं फिरतच होती.

मी खडू घेऊन शटरवर हिशेब मांडला. पायाचा जोर 25 किलो, पेडलची तरफ सहा पट, म्हणजे 150 किलो. पाऊण इंची भोकाचं क्षेत्रफळ 2.85 चौरस सेंटिमीटर, म्हणून दाब साधारण 53 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. मारुतीच्या सिलेंडरात दोन्ही पिस्टनांना तो जवळजवळ पुरताच मिळतो, कारण ते एकामागे एक बसलेत. आडव्या दांडीवर मात्र 150 चे 75-75 होतात, आणि प्रत्येक लाइनीत उरतात 26. दुसरा सिलेंडर आणून पोरांनी दाब निम्म्यावर आणला होता.

"मग याहून मोठा टाकू?"

हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो आणि दरवर्षी मी जवळचा दाभण हातात देतो. पोत्यात दाभण शिरतो, बोट शिरत नाही. जोर तोच, टोक बारीक. भोक लहान कर, बाळा.

अर्धा इंची, म्हणजे 12.7 मिलिमीटरचे सिलेंडर घेतले. मोटारसायकलीच्या डिस्कला साधारण याच मापाचे असतात. 75 किलोवर दाब 59 च्या घरात गेला. पण त्याची किंमत पायाला मोजावी लागते. कॅलिपरांना तेल तेवढंच लागतं, त्यामुळे भोक लहान तितका पिस्टन लांब सरकतो. या गाडीत पेडलची चाल 15 मिलिमीटरवरून 33 वर गेली. पेडलपुढे तेवढी जागा आहे का, सिलेंडरची स्वतःची चाल पुरते का, हे दुकानात पैसे देण्याआधी पाहायचं. जागा नसेल तर चाक थांबण्याआधी पेडल तळाला टेकतं, आणि ते उतारावर कळलेलं मला कोणाच्याच नशिबी नको.

आणखी दोन गोष्टींत मी घाई करू देत नाही. पुशरॉडला मिलिमीटरभर मोकळा खेळ ठेवायचा. तो नसेल तर पिस्टन पुरता मागे येत नाही, टाकीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापून फुगलेल्या तेलाला परतायला वाट उरत नाही आणि ब्रेक आपोआप धरतो. तेल डॉट 4 चंच, सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइलचा हात लागला तरी आतली रबरं फुगतात.

हवा काढायला रात्रीचे दहा वाजले. एक जण पेडल दाबून धरी, दुसरा निपल सोडी, तिसरा पारदर्शक नळीतले बुडबुडे पाही. शेवटच्या चाकाला बुडबुडा आला नाही, तेव्हा मी कॅप्टनला सीटवर बसवलं. पूर्ण जोर लाव आणि साठ मोज.

सगळे वाकून त्याच्या बुटाकडे पाहत होते. चाळीस, पन्नास, साठ. पेडल जागचं हललं नाही.

"आता पाय काढ," मी म्हणालो, आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. मोकळं होतं.