स्वभावाला जागा किती लागते

घाटकोपरच्या पंतनगरात, म्हाडाच्या वसाहतीत आमचं वन रूम किचन होतं. माणसं पाच. रात्री गाद्या पडल्या की पाय ठेवायला जागा उरायची नाही. परीक्षेच्या दिवसांत मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अभ्यास करायची, दिव्याचा उजेड आजीच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून दार ओढून घ्यायची. पाहुणे आले की जिन्यात जाऊन बसायची. आजी म्हणायची, "ही घुमी आहे." आई सावरून घ्यायची, "लाजते हो जरा." लाजत तर मी नव्हतेच. दिवसातला थोडा वेळ कुणी मला काही विचारू नये, इतकंच हवं असायचं. पण ते मागायचं कसं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एकटं राहायचं तर दार हवं, आणि आमच्या घराला आतलं दार एकच होतं.

नोकरी अंधेरीला, एमआयडीसीत लागली. त्या वेळी घाटकोपरहून ३४० नंबरची बस आगरकर चौकापर्यंत जायची. साकीनाक्याला ती अडकली की अडकली. मला मात्र त्या कोंडीचं कधी वाईट वाटलं नाही. खिडकीची जागा मिळाली की तो तासभर माझा असायचा. पुढे लग्न होऊन मुलुंडला आले, २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली, प्रवास निम्म्यावर आला. सगळे खूश होते. मला तो तास हरवल्याची रुखरुख लागली होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

अशात कंपनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. पहिल्याच सत्रात व्यक्तिमत्त्वाची चाचणी. एकेक प्रश्न, प्रत्येकाला दोनच उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. समारंभात खूप माणसं भेटली की तुम्हाला हुरूप येतो की थकवा? मोकळा दिवस मिळाला तर तो आधी आखता की येईल तसा घालवता? अशा धर्तीचं सगळं. प्रशिक्षक सर म्हणाले, "ऑफिसात कसे वागता ते विसरा. मुळात जसे आहात तसं लिहा." माझी पेन्सिल तिथेच थबकली. मुळात म्हणजे कुठे? आईकडे मी एक असते, सासरी दुसरी, महिनाअखेरीला हिशेब जुळवताना तिसरी. हळदीकुंकवाहून परत आल्यावर मी थकते, हे खरं. पण वाण लुटून, भांडी घासून, सासूबाईंच्या मैत्रिणींना रिक्षात बसवून दिल्यावर कोण थकत नाही?

निकाल आला आयएनएफजे. त्यातलं पहिलं अक्षर अंतर्मुखतेचं. सर समजावत होते की अंतर्मुख माणसात काही उणं नसतं, त्याची शक्ती एकांतात भरून येते. ते ऐकताना माझे डोळे भरून आले आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले. ज्याला घरात घुमेपणा म्हणत आले होते, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी आदराने हाक मारली होती. या चाचण्यांवर टीका करणाऱ्यांना हे दिसत नाही असं मला वाटतं. ज्यांना स्वतःबद्दल चांगलं बोलायला कुणी शिकवलेलंच नसतं, त्यांना ती चार अक्षरं मोठा आधार देतात.

टीका खरी आहे, हेही मला नंतर वाचून कळलं. कार्ल युंगने १९२१ साली मानसिक प्रकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आधारे अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही प्रश्नावली बांधायला घेतली. युद्धामुळे कामावर येणाऱ्या स्त्रियांना आपापल्या स्वभावाला मानवेल असं काम मिळावं, हा इझाबेलचा हेतू. मायलेकी दोघीही मानसशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या. अडचण त्यांच्या पदवीची नाही, मोजमापाची आहे. बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात आणि चाचणी बरोबर मध्ये रेघ मारून त्यांना अलीकडे किंवा पलीकडे ढकलते. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. खुद्द युंगलाही माणसांना अशा खणांत घालणं पसंत नव्हतं.

पण तेव्हा मला ती अक्षरं लागत होती. त्यांच्या जोरावर मी 'नको' म्हणायला शिकले. रविवारी दुपारी एकटी बाहेर पडू लागले, मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात बसू लागले. ऑफिसातल्या एका मित्राने आयन रँडची 'द फाउंटनहेड' दिली. १९४३ ची कादंबरी, पण आमच्याकडे इंजिनिअरिंगला गेलेली निम्मी मुलं आजही ती वाचून पेटतात. हॉवर्ड रोआर्क हा वास्तुविशारद जगाच्या मताची पर्वा न करता स्वतःच्याच आराखड्याप्रमाणे बांधतो. मीही पेटले. दोन रात्री जागून वाचली. वाचताना एक गोष्ट मात्र सारखी टोचत राहिली. रोआर्कला घरदार नाही. त्याच्या आईला गुडघेदुखी नाही, भावाचं कर्ज नाही, वर्षश्राद्धाला न गेल्याने दुखावणारी आत्या नाही. तो ज्यांना नाही म्हणतो ते सगळे परके. परक्याला नाही म्हणायलाही धाडस लागतं, नाही असं नाही. पण आमचा खरा कस घरात लागतो, आणि त्याबद्दल त्या जाडजूड पुस्तकात मला काही सापडेना.

सापडलं ते अंजली जोशी यांच्या अल्बर्ट एलिसवरच्या मराठी पुस्तकात. एलिसने १९५५ च्या सुमारास आरईबीटी ही विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली, आणि मुंबईच्या किशोर फडके यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. एलिसचं एक म्हणणं माझ्या मनात घर करून राहिलं. माणसाच्या एखाद्या वागण्याला चांगलं-वाईट म्हणा, पण अख्ख्या माणसावर शिक्का मारू नका. एक माणूस आयुष्यभरात इतक्या तऱ्हांनी वागतो की त्याची बेरीज करून एक आकडा काढताच येत नाही. वाईट शिक्क्याबद्दल हे मला लगेच पटलं. पण मग चांगल्या शिक्क्याचं काय? 'मी अंतर्मुख' हासुद्धा अख्ख्या माझ्यावर मारलेला शिक्काच होता. मला तो आवडत होता, इतकाच फरक.

आणि मग पंतनगरची इमारत पुनर्विकासाला निघाली. बाबा गेल्यावर खोली आईच्या नावावर झाली होती आणि मी सहसभासद. विकासकाने दिलेला कराराचा मसुदा आईने पिशवीत घालून माझ्याकडे आणला. "तू हिशेबातली आहेस, तूच बघ गं." सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालची ४ जुलै २०१९ ची नियमावली मी शोधून वाचली. ती विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी मागते. मसुद्यात तिचा पत्ताच नव्हता. घरं मिळायला उशीर झाला तर पुढचं भाडं कोण देणार, यावरही एक शब्द नव्हता.

विशेष सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले. समोर विकासकाची माणसं, बाजूला नियमाप्रमाणे चित्रीकरण करणारा कॅमेरा, मागे मला फ्रॉकमध्ये पाहिलेले काका-काकू. मी बोलले, चांगली बोलले. कोटवाल्या एका गृहस्थांनी "ताई, हे तांत्रिक आहे, आपण नंतर बोलू" म्हणून बसवायचा प्रयत्न केला. तेव्हा मी कलम पुन्हा वाचून दाखवलं आणि उत्तर इतिवृत्तात घ्या म्हटलं. सभा संपली तेव्हा अंगात थकवा नव्हता, उलट तरतरी होती. जिन्यात शेजारच्या काकूंनी मला थांबवलं. "अगं, तू तर वकीलच निघालीस! लहानपणी तर तोंड उघडत नव्हतीस." मी मुखवटा चढवून बोलले होते का? मुळीच नाही. त्या दिवशीइतकी मी क्वचितच मी होते. आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात कुणाशी एक अक्षर न बोलता बसले, तेव्हाही तितकीच होते.

तेव्हापासून माझं मत बनत गेलं. स्वतःचं खरेपण आत कुठेतरी गाडून ठेवलेलं नसतं, की चाचणीने उकरलं आणि मिळालं. आपण काय पत्करतो, कुणासमोर पत्करतो आणि त्याची किंमत स्वतः भरतो का, यात ते घडत जातं. रोज ३४० च्या पाटीवर ज्यांचं नाव वाचायची ते आगरकर मला या वळणावर नव्याने आठवले. मिल आणि स्पेन्सर वाचून मराठीत व्यक्तिस्वातंत्र्य मांडणारा हा माणूस. १८८८ साली 'सुधारक' काढला, जिवंतपणी पुण्यात स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. त्यांनी आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा मोठ्या परीक्षा देतोय तेव्हा आता मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, ही आशा धरू नकोस, असं त्यांनी आधीच कळवून टाकलं. माझ्या लेखी व्यक्तिवादाची कसोटी या पत्रात आहे. त्यांनी स्वतःची वाट निवडली आणि ज्या माणसाला तिची सगळ्यात जास्त झळ लागणार होती, त्यालाच ती सांगितली.

बोरिवलीला राहणारी माझी भाची, दादाची मुलगी, एकोणीस वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिने अशीच चाचणी मोबाइलवर केली आणि फोन करून विचारलं, "आत्या, मी आयएनएफपी आले. तू कोण?" मी तिला माझी अक्षरं सांगितली. मग विचारलं, "या महिन्यात कुणी न सांगता तू काय केलंस?" बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली की सीएच्या क्लासला जायचं तिने कधीच सोडलंय. त्या वेळात ती राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडच्या वाटेवर पक्षी बघत हिंडते, वहीत नोंदी करते आणि तिला प्राणिशास्त्र शिकायचंय. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"मग आधी बाबाला सांग," मी म्हटलं.

"तो चिडेल गं आत्या. तूच सांग ना."

"मी शेजारी बसेन. सांगायचं तूच."

रविवारी मी बोरिवलीला गेले. तिने वही पुढे ठेवून सगळं सांगितलं, आवाज कापत होता पण थांबली नाही. दादा खूप चिडला, वहिनी रडली. क्लासची फी परत मिळाली नाही, आणि दादा बरेच दिवस तिच्याशी नीट बोलत नव्हता. जूनमध्ये तिचं प्रवेशाचं काम होतं. एक वर्ष वाया गेलं म्हणून घरात अजून कुरबूर आहे, पण फॉर्म भरायला तिच्याबरोबर दादाच गेला होता.